ढिला सांधा: ठाण्यातल्या एका जुन्या दुनळीचं प्रकरण

नौपाड्यातल्या एका कुटुंबाकडची ही बाराबोरची दुनळी. बर्मिंगहॅमची बनावट, बॉक्सलॉक ॲक्शन (ॲक्शन म्हणजे नळ्या जिच्यावर बसतात ती पोलादी चौकट; बॉक्सलॉकमध्ये झाडण्याची यंत्रणा तिच्या आतच असते), शेजारी शेजारी दोन नळ्या, दोन चाप, झाडलेलं काडतूस आपोआप बाहेर फेकणारा इजेक्टर नाही. कुटुंबाची शेती मुरबाडकडे आहे आणि परवाना आजोबांपासून वारसाने चालत आलेला. तक्रार अशी, की उजवी नळी झाडली की मागच्या जोडातून धूर तोंडावर येतो आणि झाडलेल्या काडतुसाची टोपी (बुडातली ठिणगी देणारी वाटी) किंचित बाहेर आलेली दिसते. मालकांना फोरएंडचा, म्हणजे नळ्यांखालच्या पुढच्या लाकडी भागाचा, संशय होता. त्यांनी तो एकदा घट्ट करूनही घेतला होता, पण धूर तसाच राहिला.

अशा बंदुकीचे तीन तुकडे होतात: नळ्या, ॲक्शनसकट दस्ता, आणि फोरएंड. नळ्यांच्या खाली पोलादाचे दोन लम्प असतात. पुढच्या लम्पच्या पुढच्या अंगाला अर्धगोल खाच असते, तिला हूक म्हणतात. हा हूक ॲक्शनमधल्या आडव्या पिनवर अडकतो आणि नळ्या त्या पिनवर झुलतात. बंद केल्यावर ॲक्शनमधला बोल्ट पुढे सरकून लम्पच्या मागच्या खाचांत शिरतो. दोन खाचांचा हा बोल्ट जेम्स पर्डी यांच्या १८६३च्या पेटंटचा आणि बॉक्सलॉकची रचना अँसन आणि डीली यांची १८७५ची. पुढच्या शंभर वर्षांत जगभर बनलेल्या दुनळ्यांपैकी फार मोठा भाग याच दोन कल्पनांवर उभा आहे. म्हणून इथे जे सांगितलंय ते इंग्लिश, बेल्जियन आणि देशी अशा बहुतेक दुनळ्यांना लागू पडतं.

वय ओळखणं सोपं होतं. नळ्यांच्या सपाट तळावर मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी ही बर्मिंगहॅम प्रूफ हाउसची (बंदुका दाबाला तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेची) चिन्हं होती, म्हणजे १९०४ नंतरची. शेजारी अडीच इंच ही चेंबरची (नळीत काडतूस बसतं त्या जागेची) लांबी आणि सव्वा औंसाच्या आतला १ १/८ औंस छऱ्यांचा भार कोरलेला होता. ही पद्धत १९२५च्या नियमांपासून आली. १९५४ नंतर दाब टनांत लिहायला सुरुवात झाली, ती नोंद इथे नव्हती. म्हणजे बंदूक या दोन सालांच्या मधली, आणि एनपीमुळे धूररहित बारूदासाठी तपासलेली. नळी, ॲक्शन आणि फोरएंड यांवरचे क्रमांक जुळतात का हे पाहिलं, ते जुळले. परवान्यावरचा क्रमांक आणि युआयएनही (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) त्याच वेळी ताडून घेतला. हे काम कागदाचं वाटतं, पण दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या या ॲक्शनवर बसवलेल्या असत्या तर पुढचं सगळं मोजमाप वेगळ्या पायावर करावं लागलं असतं.

ढिलाई कुठल्या दिशेची

पुढच्या सगळ्या कामाचा निकाल याच एका प्रश्नावर लागतो. फोरएंड लावलेला असताना दुनळी कधीही तपासू नये. फोरएंडची स्प्रिंग आणि त्याचं लोखंड नळ्यांना मागे रेटून धरतं, आणि बरीच झिजलेली बंदूकही हातात घट्ट लागते. आधी फोरएंड काढायचा. मग पिन, हूक, लम्पची घरं आणि ॲक्शनची उभी भिंत (नळ्यांचं मागचं तोंड जिला टेकतं ती) केरोसीनने स्वच्छ पुसायची. या बंदुकीत दस्त्याला वर्षानुवर्षं जवसाचं तेल चोळलेलं होतं. ते ओघळून लम्पच्या घरात वाळलं होतं आणि त्याचा वार्निशसारखा पापुद्रा जमला होता. तो खरवडून काढेपर्यंत नळ्या हलत नव्हत्या, निघाल्यावर हलायला लागल्या. जुन्या बंदुका 'अजून घट्ट आहे हो' म्हणून विकल्या जातात, त्यांतल्या काहींचा घट्टपणा निव्वळ या पापुद्र्याचा असतो.

यानंतर बंदूक बंद करून, दोन्ही चेंबर रिकामे असल्याची खात्री करून, तीन दिशांनी हलवून बघायची.

पुढे-मागे: एका हाताने दस्त्याचा गळा आणि दुसऱ्या हाताने नळ्या धरून नळ्या पुढे ओढायच्या. त्या ओढलेल्या अवस्थेतच उभ्या भिंतीत आणि नळ्यांच्या मागच्या तोंडात फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालायचं. ओढून न धरता मोजलं तर फट मिटलेली सापडते आणि मोजणारा फसतो. इथे उजवीकडे ०.१५ मिमीची पट्टी सहज गेली, डावीकडे ०.१०ची गेली आणि ०.१५ची अडली.

वर-खाली: दस्ता दाबून धरून नळ्यांची तोंडं वर उचलायची. तिथे हालचाल अगदीच थोडी होती.

आडवी: नळ्या डावीकडे-उजवीकडे पिळायच्या. तिथे काही नव्हतं, लम्पच्या बाजू चांगल्या होत्या.

पुढे-मागे हालचाल म्हणजे हूक आणि पिनची झीज. वर-खाली म्हणजे बोल्ट आणि त्याच्या खाचांची. आडवी म्हणजे लम्पच्या बाजूंची. तिन्ही दुखण्यांचे उपाय वेगळे आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लावला तर धातू जातो आणि दुखणं राहतं. मालकांनी पूर्वी करून घेतलेलं फोरएंडचं काम या तिन्हींत कुठेच बसत नव्हतं.

बंदूक उघडायच्या वरच्या लिव्हरकडेही पाहायचं. नवी बंदूक बंद केली की लिव्हर मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबते. बोल्ट झिजत जातो तशी ती मध्यावर येते आणि मग डावीकडे सरकते. इथे ती मध्याच्या जराशी डावीकडे होती. यावरून बोल्ट झिजलाय असा निष्कर्ष बरेच जण काढतील, पण ही खूण एकटी पुरेशी नाही. नळ्या पुढे सरकल्या की खाचाही बोल्टपासून लांब जातात, आणि बोल्टला पकड मिळेपर्यंत जास्त पुढे जावं लागतं. म्हणून हूक दुरुस्त होईपर्यंत बोल्टला हात लावायचा नाही, हा नियम कडक पाळावा.

आधीच्या हातांनी काय केलं होतं

हूकमध्ये भिंगाने पाहिलं तेव्हा कारण कळलं. हूकच्या दोन्ही कडांना सेंटर पंचने ठोकलेल्या बारीक खड्ड्यांच्या ओळी होत्या. ठोकल्याने कडेचा धातू आत ढकलला जातो, हूकचं तोंड तेवढं अरुंद होतं आणि फट मिटल्यासारखी दिसते. पण पिनला टेकायला तेव्हा संपूर्ण अर्धगोल पृष्ठ नसतं, दोन पातळ उंचवटे असतात. शे-दोनशे काडतुसांत ते चपटे होतात आणि फट परत येते. वर कडेला बारीक चिरा पडायचा धोका राहतो. दोन बाजूंच्या फटीत ०.०५ मिमीचा फरक होता तोही यामुळेच: उजवीकडची ओळ अधिक दाबली गेली होती.

हूकच्या तळाशी पितळी पत्र्याचा एक तुकडाही एपॉक्सीने चिकटवलेला सापडला. पितळेची पट्टी पोलादी पिनवर चालत नाही. दर वेळी उघडताना ती घासते, मध्येच दुमडते, आणि एके दिवशी तिचा तुकडा घरात अडकून बंदूक बंदच होत नाही. ठोकणं आणि पट्टी हे दोन्ही उपाय विकण्याआधी बंदूक घट्ट दाखवण्यासाठी बरे, वापरणाऱ्यासाठी घातक आहेत.

झीज इतकी का झाली

मालकांनी जपून ठेवलेली झाडलेली काडतुसं मागवली. त्यांवर ७० मिमी छापलं होतं. चेंबर मोजलं तर ते ६५ मिमीचं, म्हणजे कोरल्याप्रमाणे अडीच इंचांचंच.

इथे एक गैरसमज पुसून काढायला हवा. काडतुसावर छापलेली लांबी ही झाडून तोंड उघडल्यानंतरची असते. न झाडलेलं, तोंड दुमडलेलं ७० मिमीचं काडतूस जेमतेम ५७ ते ६० मिमी भरतं, आणि ६५च्या चेंबरमध्ये निवांत बसतं. बंदूकही व्यवस्थित बंद होते. मग 'बसतंय ना' एवढ्यावर लोक वापरतात. झाडल्यावर दुमड उघडते, तिच्या कडा चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरतात, आणि छऱ्यांची वाट तेवढ्याच क्षणी आवळली जाते. त्यात ७० मिमीच्या काडतुसांत छऱ्यांचा भार बहुधा जास्त. दाब वाढतो आणि तो सगळा हूक, पिन आणि उभी भिंत यांच्यावर येतो. या काडतुसांच्या तोंडाच्या कडा ताणून फाटलेल्या होत्या, याचा दुसरा अर्थ नव्हता.

टोप्या बाहेर आलेल्या दिसत होत्या, त्याचं कारण मात्र फट. फट असली की झाडताना आधी टोपी मागे ढकलली जाते. दाब जोरात असेल तर मागोमाग काडतूसही भिंतीवर आदळतं आणि टोपी परत आत बसते. दाब कमी असेल तर ती बाहेरच राहते. म्हणून टोपी बाहेर राहणं हे जास्त दाबाचं लक्षण नाही, मोकळ्या जागेचं आहे. धूर येतो तोही त्याच जागेतून.

नळ्या खर्च करण्याजोग्या आहेत का

सांध्यावर पैसे घालण्याआधी नळ्या तपासणं आवश्यक. बोअर (नळीचा आतला व्यास) मोजला तर दोन्ही नळ्यांत ०.७३१ इंच आला. कोरलेलं माप १२ म्हणजे ०.७२९ इंच, त्यापुढची पायरी ०.७४० इंच. म्हणजे आतून फार घासलेल्या नाहीत. नळीची भिंत सर्वांत पातळ जागी ०.६६ मिमी. इंग्लिश कारागिरांत २० थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे सुमारे ०.५ मिमी, ही खालची मर्यादा धरतात, तिच्या वर आहे. आत चेंबरच्या पुढे गंजाचे उथळ खड्डे होते, खोल नव्हते. नळ्या हूकला दोरीने टांगून बोटाच्या पेराने हलकेच ठोकल्या. आवाज स्वच्छ आणि लांब घुमला. दोन नळ्यांमधल्या पट्ट्या सुटल्या असत्या तर तो बसका, कर्कश आला असता. हे शेवटचं पुढे फार महत्त्वाचं ठरणार होतं, कारण त्या पट्ट्या मऊ सोल्डरने धरलेल्या असतात.

पिन, हूक, की दोन्ही

पहिला विचार पिन बदलण्याचा. पण हिशेब मांडला की मर्यादा कळते. झाडताना ॲक्शन मागे आणि नळ्या पुढे जायला बघतात, म्हणून हूक पिनच्या मागच्या अंगावर रेटतो. झीज पिनच्या मागच्या अंगाला आणि हूकच्या खोल भागाला होते. मोठ्या व्यासाची पिन घालून ०.१५ मिमी भरून काढायचं तर व्यास ०.३० मिमीने वाढवावा लागेल. तेवढं ॲक्शनमधलं भोक मोठं करावं लागेल, आणि ॲक्शन वरून कातडीसारखी कठीण केलेली असते: आत मऊ पोलाद, वर काही दशांश मिलिमीटर अतिकठीण थर. साधा रीमर त्यावर बोथट होतो, आणि भोक वाकडं गेलं तर ॲक्शनच बाद. मधोमध जाड आणि टोकांना बारीक अशी पिन बाजूने आत घालता येत नाही. हा मार्ग इथे बंद केला.

पिन मात्र काढून पाहिली. दोन्ही टोकं ॲक्शनच्या बाजूशी एकजीव घासलेली होती, नक्षीखाली वर्तुळाची पुसट रेघ होती. उष्णता दिली तर ॲक्शनचा रंग आणि कठीणपणा दोन्ही जातात, म्हणून गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवून, पितळी टेकण देऊन, हातप्रेसवर दाबून काढली. ठोकली नाही. टोकांना व्यास ९.५२ मिमी, मध्ये झिजलेल्या दिशेने ९.४७. भोक गोल होतं आणि फरक ०.०१च्या आत. म्हणजे मूळ मापाचीच नवी पिन बसेल, आणि ती ०.०५ मिमी परत देईल. उरलेलं ०.१० मिमी हूकने द्यायचं.

पिन जागीच अर्ध्या फेऱ्याने फिरवून तिचं न झिजलेलं अंग मागे आणणं, हीसुद्धा एक जुनी युक्ती आहे. पिन सुटी असेल आणि फट ०.०५च्या आसपास असेल तर ती चालते. इथे पुरली नसती.

हूक भरण्याचा प्रश्न आला तेव्हा पहिली सूचना साहजिकच आली: वागळे इस्टेट शेजारी आहे, रबाळे-महापेच्या पट्ट्यात साचे दुरुस्त करणारे लेसर वेल्डिंगवाले आहेत, तिथे भरून आणू. तांत्रिकदृष्ट्या ते काम उत्तम होईल. कायद्याने ते करता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि सुटी नळी, सुटी पिन हेही शस्त्राचे भागच आहेत. मालकाचा स्वतःचा परवाना बाळगण्याचा असतो, दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा नाही. 'नुसता एक लोखंडी तुकडा आहे' म्हणून रिक्षातून नळ्या पाठवणारे लोक आहेत. पकडले गेल्यावर मालक आणि कारखानदार दोघेही अडकतात. पिन लेथवर काढणं आणि हूक भरणं ही दोन्ही कामं परवानाधारक कारागिराच्या स्वतःच्या जागेत, त्याच्या नोंदवहीत नोंद होऊनच झाली.

भरणं

पंचचे ठोके आणि एपॉक्सी पूर्ण साफ केल्यावर हूकच्या कडा भिंगाखाली पुन्हा तपासल्या. चिरा नव्हत्या. वेल्डिंग टिगने, शुद्ध आर्गॉनखाली, १.६ मिमी टंगस्टन आणि ०.८ मिमी सौम्य पोलादाची तार, ३० ते ४० अँपिअर. टाका एका वेळी चार-पाच मिलिमीटरचा, मग थांबायचं. नळ्यांमधल्या पट्ट्यांचं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळायला लागतं. लम्पला तांब्याचे जाड ठोकळे दोन्ही बाजूंनी आवळले, नळ्यांच्या मुळाशी ओली सुती पट्टी गुंडाळली आणि लम्पच्या मागे १२० अंशांचा तापमानाचा खडू ओढून ठेवला. खडू वितळला की थांबायचं, हाताने शिवता येईपर्यंत पुढचा टाका नाही. घाई केली तर वेल्ड सुंदर येतो आणि पट्टी आतून सुटते. ते ठोकून आवाज ऐकेपर्यंत कळतही नाही. इथे भरण्यानंतर नळ्या पुन्हा टांगून ठोकल्या, आवाज तसाच स्वच्छ होता.

तार सौम्य निवडण्याचं कारण असं, की हूक कानशीने घडवायचा आहे. कठीण तार घातली तर कानस सरकते आणि गोलाई ओबडधोबड राहते. पिन ईएन२४ या मिश्रपोलादाची, टी अवस्थेतली (आधीच कठीण करून आलेली). साधारण २५० ते ३०० ब्रिनेल कठीणपणाची, चिवट आणि लेथवर नीट कापली जाणारी. ती भोकापेक्षा ०.००५ ते ०.०१ मिमी जाड ठेवून दाबून बसवली, टोकं ०.३ मिमी बाहेर ठेवून मग घासून एकसारखी केली.

काजळीवर बसवणं

हा सगळ्यात वेळ खाणारा आणि सगळ्यात मोलाचा भाग. भरलेला हूक सुरुवातीला इतका जाड असतो की नळ्या पिनवर अडकतच नाहीत. अर्धगोल बारीक कानशीने अडकण्यापुरता घासायचा. मग पिनवर कापराच्या ज्योतीची काजळी धरायची. तिचा थर पातळ आणि एकसारखा येतो, रंगाची पेस्ट जाड बसते आणि खोटं सांगते. नळ्या अडकवायच्या, स्वतःच्या वजनाने बंद होऊ द्यायच्या, काढायच्या, हूकमध्ये पाहायचं. जिथे काळं उमटलं तिथेच टेकतंय. तेवढंच काढायचं, एक-दोन हात, जास्त नाही. पुन्हा काजळी.

पहिले काही वेळ काळं फक्त हूकच्या वरच्या आणि खालच्या ओठांवर उमटतं. हे ओठ आधी उतरवायचे, नाहीतर हूक पिनला तळाशी टेकतच नाही आणि पुन्हा ठोकलेल्या हूकसारखीच गत होते. ओठ गेल्यावर कानस बाजूला ठेवून गोल दगड घ्यायचा. शेवटी काळी पट्टी हूकच्या पूर्ण रुंदीत, खोलीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात एकसलग उमटायला हवी. उजवीकडची बाजू या बंदुकीत मुद्दाम सावकाश घेतली, कारण फट तिथेच जास्त होती आणि नळ्या अर्ध्या केसाने डावीकडे वळलेल्या बसत होत्या.

याच वेळी उभ्या भिंतीवरही काजळी. हूक टेकतोय आणि भिंत मोकळी आहे, असं असेल तर अजून घासायचं नाही. आधी नळ्यांचं तोंड कशावर अडकतंय ते शोधायचं. इथे अडकत होती ती वरच्या पट्टीची मागे निघालेली जीभ, जी क्रॉस बोल्टच्या, म्हणजे वरच्या आडव्या बोल्टच्या, घरात जाते. नळ्या ०.१५ मिमी मागे आल्यावर ती जीभ घराच्या तळाला आधी टेकत होती. तिच्या टोकावरून जेमतेम चिमूटभर धातू काढला आणि भिंतीवर दोन्ही नळ्यांभोवती काळं उमटायला लागलं. जिभेतल्या गोल भोकाची पुढची भिंतही आता आडव्या बोल्टला घासत होती. ती ०.०५ मिमी मोकळी केली. अशा बंदुकीत भार खालचा बोल्ट उचलतो. जीभ आणि वरचा बोल्ट तंग ठेवण्याचा हट्ट केला तर हूकचं काम फुकट जातं.

नळ्यांचे सपाट तळ ॲक्शनच्या पाटावर दाबून बसायला नकोत. तिथे सिगारेटच्या पातळ कागदाएवढी मोकळीक चालते, तळ घट्ट टेकले तर हूक आणि भिंत एकाच वेळी टेकू शकत नाहीत.

बोल्ट, चिमटा, फोरएंड

हूक झाल्यावर लिव्हर स्वतःहून मध्याच्या उजवीकडे येऊन थांबली. नळ्या मागे आल्या, खाचा बोल्टच्या जवळ आल्या, त्यामुळे बोल्टला लवकर पकड मिळाली. बोल्टला कानस लावावी लागली नाही. मात्र एक खात्री केली: बोल्टच्या टोकावर काजळी लावून बंद केलं तेव्हा काळं खाचेच्या खालच्या अंगावर उमटलं, खाचेच्या खोल टोकाशी नाही. खोल टोकाशी उमटलं असतं तर बोल्ट समोर आपटून थांबतोय, खाली दाबत नाही, असा अर्थ झाला असता. लिव्हर तेव्हाही उजवीकडेच थांबते, आणि बंदूक घट्ट झाल्याचा भास होतो.

काडतूस उचलणारा चिमटा आधी तोंडाच्या किंचित बाहेर होता. पूर्वी फट असल्याने तो खटकत नव्हता, आता भिंतीला आधी शिवायला लागला. त्याचं मागचं तोंड नळ्यांशी समतल केलं. फोरएंडच्या लोखंडाची वाटी ॲक्शनच्या पुढच्या गोलाईवर घट्ट बसायला लागली. तिथे काजळी बघूनच, आणि थोडंच काढलं. फोरएंड थोडा तंग असावा, पण पाचर ठोकल्यासारखा बसला तर लाकूड लोखंडापाशी चिरतं.

शेवटी फायरिंग पिनचं (टोपीवर आदळणाऱ्या टोचणीचं) भिंतीतून बाहेर येणं मोजलं, दोन्हीकडे सुमारे १.२ मिमी. भिंत बसल्यावर काडतूस फायरिंग पिनच्या जवळ येतं, म्हणून हे माप पुरेसं आहे की जास्त, ते हूकनंतरच ठरवायचं असतं.

झाडून पाहणं आणि परत देणं

पहिली काडतुसं खांद्यावरून झाडायची नाहीत. परवानगी असलेल्या रेंजवर चौकटीत बंदूक आवळून, लांब दोरीने चाप ओढून ६५ मिमीची हलक्या भाराची काडतुसं झाडली. पहिल्या दोन काडतुसांनंतर बंदूक उघडून हूक आणि भिंतीवरची ताजी काजळी तपासली, टोप्या पाहिल्या. त्या समतल होत्या. नंतर पुन्हा फोरएंड काढून, नळ्या पुढे ओढून फीलर घातलं. ०.०५ची पट्टी दोन्हीकडे गेली नाही. नवा हूक पहिल्या पन्नासेक काडतुसांत थोडा बसतो, म्हणून तेवढ्या काडतुसांनंतर पुन्हा मोजायचं ठरलं.

मालकांना दिलेल्या सूचना अशा. फक्त ६५ मिमीची काडतुसं. खरेदी करताना डब्यावरची लांबी आणि भार दोन्ही वाचायचे, दुकानदाराने 'बारा बोर म्हणजे बारा बोर' म्हटलं तरी. बंद करताना लिव्हर अंगठ्याने धरून नळ्या वर आणायच्या आणि मग सोडायची. एका हाताने झटका देऊन बंद केलेली दुनळी बघायला रुबाबदार दिसते, पण प्रत्येक झटक्यात हूक पिनवर आदळतो. पिनवर आणि हूकमध्ये तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस, तेल नाही; तेल वाहून जातं आणि सांधा कोरडा पडतो. जवसाचं तेल लाकडावर लावायचं असेल तर नळ्या काढून, ॲक्शन कापडात गुंडाळून.

खाडीची हवा जूनपासून काय करते ते ठाण्यात वेगळं सांगायला नको. कातडी पेटीत बंदूक ठेवून पावसाळा काढला तर पेटी ओल धरते आणि नळ्यांच्या बाहेर पेटीच्या आकाराचा गंज उमटतो. पावसाळ्यापुरती ती कापडी पिशवीत, सिलिका जेलसोबत, कपाटाच्या वरच्या खणात ठेवावी. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला, तर आत-बाहेर ग्रीसचा पातळ हात देऊन, फोरएंड सुटा करून, पावतीवर क्रमांक लिहून घेऊनच द्यावी. परत आणल्यावर झाडण्याआधी नळीतलं ग्रीस पूर्ण काढायचं.

बंदुकीसोबत एक कागद दिला: पिनचा व्यास, दोन्ही बाजूंची आधीची आणि नंतरची फट, लिव्हर कुठे थांबते, फायरिंग पिनचं माप, चेंबरची लांबी. पुढच्या कारागिराने हूककडे भिंगाने बघण्याआधी हा कागद बघावा, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर घरी फोरएंड काढून जी फट मोजली जाईल ती त्याच कागदावर खाली लिहिली जावी. ०.०५ची पट्टी आत जायला लागली की पिन आधी, हूक नंतर.